चंचीतला रोटर

"पेट्रोल घातलंस?" बीबींनी विचारलं.

"व्हय बीबी. काल नवं घातलंय."

"आणि पानी?"

"भरलंय."

"मग लाव की चालू. कशाची वाट बघायलास?"

मी म्हणालो, एकदा प्लग बघून घेतो. प्लग मी आदल्या दिवशी दोनदा पाहिले होते. चारही काढून, काजळी खरवडून, पेट्रोलमध्ये धुऊन, फटीत पोस्टकार्ड घालून मापून बसवले होते. तरी पाना उचलला आणि पहिला प्लग पुन्हा सोडवायला लागलो. माणसाला वेळ काढायचा असला की चार सिलिंडरचं इंजिन फार सोयीचं. प्रत्येक काम चार वेळा करता येतं.

बीबी म्हणजे करामत डॉक्टरांच्या घरच्या. त्यांचं नाव काहीतरी वेगळं असणार, पण आमच्या गावात ते कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. बारा वर्षं इथं राहून त्या मराठी शिकल्या होत्या, माझ्या बायकोशी, रुद्रम्माशी, बोलता बोलता थोडी कानडीही उचलली होती. फक्त मन भरून आलं की उर्दूवर जात. आठ वर्षांनी गावात आल्या होत्या. काळा बुरखा, तोंडावरचा पडदा मागे टाकलेला, काखेत तेच पितळी पानदान. सोबत मुलगी सईदा. गेली तेव्हा नऊ वर्षांची होती, तापानं फणफणलेली. आता सतरा वर्षांची, बापासारखं रुंद कपाळ, आणि हात मागे बांधून उभं राहायची ढबही बापाचीच. डॉक्टरीच शिकणार म्हणे. गाडी तिलाच हवी होती.

पहाटेच्या बसनं दोघीच आल्या होत्या. बीबींचे भाऊ ड्रायव्हर घेऊन वीस मैलांवर, हैदराबादच्या मोठ्या रस्त्यावरच्या नाक्यावर थांबले होते. गावात पाय ठेवणार नाही म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिथवर गाडी मी न्यायची, पुढं त्यांचा ड्रायव्हर, असं ठरलं होतं. सन छप्पन्नचा ऑक्टोबर चालला होता. येत्या एक तारखेला हैदराबाद स्टेट मोडणार, आम्ही म्हैसूरचे होणार, मग गाडीचे कागद कुठल्या कचेरीत शोधत हिंडायचे, म्हणून त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी पत्र घातलं होतं.

पत्र आल्यापासून माझी झोप गेली होती. कारण आठ वर्षांपूर्वी मीही त्यांना एक पत्र पाठवलं होतं. शाळेतल्या मास्तरांकडून उर्दूत लिहवून घेतलेलं, दोन ओळींचं. एका ओळीत लिहिलं होतं, गाडी माझ्याकडं जपून आहे. दुसरीत लिहिलं होतं, मी येऊ शकलो नाही, रस्ता बंद होता. पहिली ओळ खरी होती.

दुसरी खोटी होती हे फक्त रुद्रम्माला माहीत. सकाळी भाकरी वाढताना ती म्हणाली, "आज तरी सांगा त्यान्ला. न्हाई तर तुमच्या संगट मातीत जाईल ते."

"सांगतो की," मी म्हणालो.

"आठ वरसं हेच ऐकायलेय मी," ती म्हणाली आणि आत गेली.

आणि आता बीबी समोर उभ्या होत्या आणि मी दुसरा प्लग सोडवत होतो.

गाडी छोटी, विलायती. कंपनीचं नाव राहू द्या, गावात तिला सगळे बेबीच म्हणत. चार सिलिंडर, आठ हॉर्सपावर, नऊशेच्या वर थोडे सीसी, सहा व्होल्टची बॅटरी. जहागीरदारांच्या मोटारींपुढं खेळणंच. व्हॉल्व्ह डोक्यावर नाहीत, बाजूला. पाण्याला पंप नाही. गरम झालेलं पाणी आपसूक वर चढतं, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरतं. कागदावर हे फार छान आहे. एप्रिलातल्या दुपारी चढाला लागलं की ते पाणी चढत नाही आणि उतरतही नाही, वाफ होऊन टोपणातून बाहेर येतं. उन्हात पेट्रोलची नळी तापली की आतल्या आत पेट्रोलचीही वाफ होते आणि इंजिन भर रस्त्यात उपाशी मरतं. मग नळीवर ओलं फडकं गुंडाळायचं आणि झाडाखाली बिडी ओढत बसायचं. लढाईच्या काळात पेट्रोलमध्ये मोहाचं स्पिरिट मिसळून द्यायचे, त्यानं कार्बुरेटरचं जेट बुजायचं. मधल्या दोन सिलिंडरांमध्ये गॅस्केट जळायचं ते वेगळंच. एवढी सगळी रडगाणी असून त्या इंजिनानं डॉक्टरांना कधी रात्रीबेरात्री वाटेत टाकलं नाही. कारण ते माझ्या हातात होतं. हे मी फुशारकीनं सांगतो असं वाटेल. वाटू द्या, तेवढी एकच गोष्ट माझ्याकडं होती.

करामत डॉक्टरांचा स्वतःचा छोटा दवाखाना होता. आसपासच्या तीस-चाळीस खेड्यांत बाळंतपण अडलं, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की बेबी निघायची. मी चिटगुप्प्याच्या एका गिरणीत इंजिनावर तेल घालायचं काम करायचो, तिथून त्यांनीच मला उचलून आणलं आणि आमच्या गावात ही शेड टाकून दिली. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाही तर उलट्या झटक्यानं मनगट मोडतं, हे मी त्यांना शिकवलं. इंजिनाच्या पोटातला आवाज कसा ऐकायचा हे त्यांनी मला शिकवलं. आपली जुनी छातीला लावायची नळी मला देऊन टाकली. म्हणाले, "काशाप्पा, तू भी डॉक्टरच की. फरक एवढाच, तुझा पेशंट खोटं बोलत नाही."

ती नळी खिळ्यावर लटकत होती. सईदानं ती काढून हातात घेतली, रबराला चिरा पडल्या होत्या, तरी गळ्यात घालून पाहिली. बीबींनी तिच्याकडं बघितलं आणि मान दुसरीकडं फिरवली.

"काशाप्पा," त्या म्हणाल्या, "तिसरा प्लग भी बघणारेस?"

"बघतो की. एवढ्या वरसांची बंद गाडी हाय."

"बंद तर तू ठेवली नाही. सईदा, बघ, लाकडावर चढवून ठेवलीये. टायर भी खराब झाले नाहीत."

ते खरं होतं. आठ वर्षं दर सोमवारी मी प्लगच्या भोकांतून चार थेंब तेल सोडून हँडलनं इंजिन हातानं फिरवत होतो, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटू नयेत म्हणून. पाणी काढून ठेवलं होतं, पेट्रोल काढून ठेवलं होतं. लोक हसत. मशीन तेवढी जपली, लोक म्हणत.

आता रोटरचं सांगतो, म्हणजे सगळं कळेल.

इंजिनावर एक काळी डबी असते. करंट तिथं येतो आणि चार प्लगांना पाळीपाळीनं वाटला जातो. पहिल्याला, तिसऱ्याला, चौथ्याला, मग दुसऱ्याला. हे वाटपाचं काम डबीत गरगर फिरणारा एक तुकडा करतो. बोटाच्या दोन पेरांएवढा, काळा, वर पितळेची पट्टी. तोच रोटर. झाकणाच्या दोन क्लिपा सोडल्या की हातानं उचलून निघतो. तो नसला की इंजिन फिरतं, पण साधं खोकतसुद्धा नाही.

सत्तेचाळीस सरता सरता रझाकार दिसेल ती गाडी उचलून न्यायला लागले. डॉक्टर मुसलमान म्हणून त्यांना गाडीची जास्तच आशा होती, आणि डॉक्टर द्यायला तयार नव्हते. म्हणाले, ही पेशंटची गाडी. तेव्हा आमच्या भागात ज्याच्याकडं मोटार होती त्या प्रत्येकानं एक रीत पाडली. गाडी उभी केली की रोटर काढायचा आणि घरात लपवायचा. आमचा रोटर बीबींच्या पानदानात असे. लवंगेच्या खणातली लवंग काढून तो खण त्यालाच दिला होता. सकाळी बीबी पान लावायला बसल्या की आधी रोटर माझ्या हातात द्यायच्या आणि मग चुना काढायच्या.

अठ्ठेचाळीसच्या ऑगस्टात डॉक्टरांच्या घराची झडती झाली. पानदान उघडून पाहिलं नाही हे नशीब. तेव्हा मीच म्हणालो, "बीबींकडं नको. माझ्याकडं राहू द्या, माझी चंची कोण उचकतंय?" डॉक्टर म्हणाले, ठीक. ती अक्कल माझी होती. तेव्हापासून रोटर माझ्या कमरेच्या चंचीत, पान-सुपारी-तंबाखूच्या शेजारी. सकाळी सातला मी तो घेऊन डॉक्टरांच्या दारात हजर. एक दिवस चुकलो नाही. पाऊस असो, ताप असो.

सप्टेंबरात रुद्रम्मा माहेरी गेली होती, मुडबीला. आमच्यापासून वीस मैल. तिला आणायला मी रविवारी निघालो. रविवारी डॉक्टर गाडी काढत नसत, आणि सोमवारी दुपारपर्यंत परत येतोच, म्हणून रोटर चंचीतच राहू दिला. तो सोबत नेतोय हे डॉक्टरांना सांगितलंही नाही.

सोमवारी पहाटे सोलापूरकडून फौज आत आली. आकाशात विमानं. सगळे घरात बसले, मीही बसलो. इथवर कुणी मला दोष देणार नाही. पण शुक्रवारी निजामानं हत्यार टाकलं आणि शनिवारी सकाळी ती बातमी मुडबीला आली. लोक रस्त्यावर नाचत होते. बातमीच्या मागोमाग दुसरी बातमी आली की गावोगाव आता उलटं सुरू झालंय, आणि रझाकारांवरचा राग जो मुसलमान सापडेल त्याच्यावर निघायलाय.

तेव्हा मला निघायला हवं होतं. मुडबीहून आमच्या गावची वाट फौजेच्या रस्त्याला लागतसुद्धा नाही. शेताशेतांतून जाणारी बंडीवाट आहे, दोन ओढे आणि एक माळ. मोकळी होती. त्या दिवशी सकाळीच त्या वाटेनं एक कोष्टी चालत आला होता, त्याच्याशी मी स्वतः बोललो. तरी मेव्हणे म्हणाले, दाजी, दोन दिवस दम धरा. सासू म्हणाली, पुरणाची होळगी करते, खाऊन जावा. मला भीती वाटत होती, आणि भीतीला होळगी बरी सापडली. मी थांबलो. शनिवारी थांबलो, रविवारीही थांबलो. दर पानाला चंचीत हात घातला की रोटर बोटाला लागायचा. मी स्वतःची समजूत घालायचो की गाडी तरी कुणाला नेता येणार नाही.

सोमवारी आलो. दवाखाना फोडलेला होता, औषधांच्या बाटल्यांचा रस्त्यावर चुरा. डॉक्टरांना रविवारी दुपारी दारातून ओढून नेलं होतं, ओढ्याकडं, ते परत आले नाहीत. बीबींना आणि पोरीला मल्लम्मानं, दवाखाना झाडणाऱ्या बाईनं, कडब्याच्या गंजीमागं लपवलं होतं. मी पोचायच्या तासभर आधी फौजेची लॉरी दोघींना घेऊन बिदरला गेली. डॉक्टरांना न्यायला आलेल्यांत बाहेरची माणसं होती आणि आमचीही होती. नावं सांगत नाही. त्यातल्या एकाच्या विहिरीवरचं इंजिन परवाच मी दुरुस्त केलं. तो म्हणाला, काशाप्पाअण्णा, तुझ्या हाताला गुण हाय.

गाडी मात्र जागच्या जागी होती. ढकलून, हँडल मारून थकले आणि सोडून गेले. माझी युक्ती चालली होती.

चौथा प्लगही बसवून झाला. मग मी पॉइंट पाहिले, बॅटरीची टोकं पाहिली, पाण्याच्या नळीचा पट्टा आवळला. सगळं आधीच आवळलेलं होतं. काही उरलं नाही. उरली ती काळी डबी. रोटर अजून माझ्या कमरेला, चंचीत होता. मी बीबींकडं पाठ केली, क्लिपा सोडल्या, झाकण उचललं आणि हळूच चंचीत हात घातला. पाठीआड बसवून टाकू, कुणाला कळतंय, असा विचार होता. खरं सांगतो, अजूनही तोच विचार होता.

"मिला क्या?" बीबी अगदी जवळून म्हणाल्या.

माझा हात तसाच राहिला.

"वही है ना? माझ्या पानदानातला?"

"व्हय," मी म्हणालो.

"मला माहीत होतं, तुझ्याकडं आहे. त्यांनी सांगितलं होतं."

मी वळून बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, इंजिनाकडं बघत होत्या.

"त्या शनिवारी शेजारचे सगळे बंड्या जुंपून निघाले होते," त्या म्हणाल्या. "आम्हाला भी जागा ठेवली होती. पण हिला ताप होता, बंडीत दोन दिवस ऊन लागलं असतं. हे म्हणाले, मोटर आहे की. मग हँडल मारले, मारले. हाताला फोड आले. मग ते झाकण काढून बघितलं आणि हसले. म्हणाले, काशाप्पा घेऊन गेलाय. म्हणजे आणून देणार. लढाईचे दिवस सोडले तर एक दिन भी चुकलाय का तो? शेजाऱ्यांना म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. बंड्या गेल्या. सारा दिन दाराशी खुर्ची टाकून बसले. काशाप्पा आइंगा. दुसऱ्या दिवशी सकाळी भी तेच, सात वाजता घड्याळ काढून बघितलं. काशाप्पा आइंगा."

सईदा नळी गळ्यात घालून उभी होती. तिनं हे आधी ऐकलं असावं, कारण ती खाली बघत होती.

आठ वर्षं मला वाटत होतं की गाडी सुरू होईना म्हणून ते अडकले. ते माझी वाट बघत बसले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगणारं गावात उरलंच कोण होतं?

"पहले दो साल मी तुला फार कोसलं," बीबी म्हणाल्या. "मग तुझं खत पुन्हा काढून वाचलं. रस्ता बंद होता, लिहिलंस. मनाला म्हटलं, तो तरी काय करणार. आज एकच गोष्ट विचारायची होती म्हणून मी स्वतः आले. भाऊ नको म्हणत होता." त्यांनी आता माझ्याकडं बघितलं. "सच बोल काशाप्पा. रस्ता सच्ची बंद था क्या?"

हो म्हणणं फार सोपं होतं. त्यांनाही तेच हवं होतं, असं मला वाटलं. दारात रुद्रम्मा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती माझ्याकडं बघत होती.

"न्हाई बीबी," मी म्हणालो. "रस्ता मोकळा होता. मी भ्यालो. दोन दिस सासुरवाडीला बसून राहिलो. जेवलो, झोपलो. रस्ता मोकळा होता."

रुद्रम्मानं तांब्या पुढं केला तो बीबींनी घेतला, दोन घोट प्यायल्या, परत दिला.

"ते भी यही बोलते थे," मग त्या म्हणाल्या. "म्हणायचे, मुडबीची वाट फौजेला लागत नाही, खुली आहे, आइंगा. मी इतकी वर्षं समजत होते, त्यांचा अंदाज चुकला."

रस्त्याचा अंदाज त्यांचा बरोबर होता. चुकला होता तो माणसाचा. हे बीबी बोलल्या नाहीत, पण मला ऐकू आलं, आणि त्यानंतर रोज येतं.

"लाव चालू," त्या म्हणाल्या.

मी रोटर बसवला, झाकण लावलं, क्लिपा दाबल्या. पुढं जाऊन हँडल घातलं. अंगठा बोटांच्या बाजूला. पहिल्या फेरीला इंजिन नुसतं खोकलं. दुसऱ्या फेरीला लागलं. आधी तीन सिलिंडरांवर अडखळत, निळा धूर सोडत, मग जळकं तेल निघून गेल्यावर चारही नीट बोलायला लागले. सईदानं पुढं होऊन नळी इंजिनाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. बीबींनी बुरख्याचा पडदा खाली ओढून घेतला. मी माझी हत्यारं गोळा करत बसलो, एकेक पाना पुसून.

साडेनऊला निघालो. रुद्रम्मानं बीबींच्या ओटीत खण-नारळ घालायला आणला होता, मग तिचं तिलाच कळलं आणि नुसताच नारळ सईदाच्या हातात दिला. बीबींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. गावातून जाताना दोघं-तिघं ओट्यावरून उठून उभे राहिले. एकानं नमस्कार केला. विहिरीवरच्या इंजिनाचा तो धनी पारावर बसला होता, तो उठून देवळात गेला.

वाटेत दोन्हीकडं तुरीला फूल होतं, ज्वारी गुडघ्याला आलेली. मी पंचवीसच्या वर गाडी नेली नाही, पाणी तापू नये म्हणून. दर मैलाला दगड होता, मी ते मोजत होतो. मोजू नयेत असं ठरवलं तरी नजर जायचीच. वीस दगड व्हायला तास लागला, तोही सांभाळून चालवत. त्या शनिवारी डॉक्टर तासाभरात या नाक्यावर आले असते. पोरीचा ताप वाढायच्या आत.

नाक्यावर बीबींचे भाऊ चहाच्या टपरीजवळ उभे होते. माझ्याशी बोलले नाहीत, मीही तशी अपेक्षा केली नव्हती. मी गाडी सावलीत लावली, इंजिन बंद केलं, उतरलो, बॉनेट उघडून पाणी पाहिलं, बंद केलं. ड्रायव्हरला सांगितलं, चढावर तापली तर बळजोरी करू नको, थांब, आणि टोपण उघडायचं तर फडकं धरून. तो हो हो म्हणाला, तरणा माणूस, त्याला मोठ्या गाड्यांची सवय असावी. बीबींना सलाम केला. त्यांनी मान हलवली. सईदा म्हणाली, "नळी नेऊ का मी?" मी म्हणालो, "तुमचीच हाय, माय."

आणि वळून चालायला लागलो. दहा पावलं गेलो असेन. मागून हँडलचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. इंजिन फिरत होतं आणि साधं खोकतसुद्धा नव्हतं.

मी कमरेला हात लावला. चंचीत पान होतं, सुपारी होती, आणि रोटर होता. बॉनेट उघडलं तेव्हा हातांनी आपसूक क्लिपा सोडून तो काढून घेतला होता. गाडी उभी केली की रोटर काढायचा, हाताला तेवढंच माहीत. मला पत्ताही लागला नाही.

परत फिरलो. भाऊ काहीतरी बोलायला लागले होते, बीबींनी त्यांना गप्प केलं. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला होता, तळवा वर करून. चेहरा पडद्याआड होता.

"वो दे, काशाप्पा," त्या म्हणाल्या.

मी रोटर त्यांच्या हातावर ठेवला. त्याला तंबाखूचा चुरा लागला होता. त्यांनी पदरानं पुसावा तसा बुरख्याच्या टोकानं तो पुसला, क्षणभर मुठीत धरला आणि ड्रायव्हरकडं दिला. गाडी लागली. मोठ्या रस्त्याला वळून ती हैदराबादच्या दिशेनं गेली, आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मी तिथं उभा राहिलो. चारही सिलिंडर बरोबर चालत होते.

अकराची बस आली. कंडक्टर ओळखीचा, गुंडेराव. त्यानं दार उघडून धरलं.

"चला काशाप्पा. जागा हाय की."

"न्हाई," मी म्हणालो. "चालत जातो."

"वीस मैल? कामून?"

मुडबीपासून आमचं गावही वीसच मैल, हे त्याला काय सांगणार. बस गेली आणि मी निघालो. पायांत वहाणा होत्या, डोक्याला रुमाल होता. सहाव्या दगडाला एका विहिरीवर पाणी प्यायलो. अकराव्याला चिंचेखाली बसलो, चंची काढली, पान लावलं. बोट सवयीनं आत गेलं आणि काही लागलं नाही. तेव्हा मला रडू आलं. आठ वर्षांत आलं नव्हतं ते तिथं आलं, आणि बराच वेळ थांबलं नाही. मग उठलो. एक बंडीवाला म्हणाला, बसा की मागं. त्यालाही नको म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा उन्हं पारावरून उतरत होती. रुद्रम्मा अंगणात ज्वारी पाखडत होती.

"बस भेटली न्हाई?" तिनं विचारलं.

"भेटली."

"मग चालत आलाव?"

"व्हय."

तिनं सूप खाली ठेवलं आणि पाय धुवायला पाणी आणलं. अकराला निघालो होतो, पाच वाजले होते. मधे दोनदा बसलो, एकदा पोटभर रडलो. माझं वय आता आठ वर्षांनी जास्त होतं. तरी सहा तासच लागले.